जास्वंदीवरचा पांढरा कापूस: परका कोण, घरचा कोण?

खारघरच्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "गच्चीत चाळीसेक कुंड्या आहेत. दोन जास्वंदींवर आणि ड्रममधल्या पपईवर पांढरं कापसासारखं काहीतरी आलंय. मोबाइलमधल्या अ‍ॅपने फोटो बघून ही परदेशी आक्रमक कीड असल्याचं सांगितलं. नर्सरीवाल्याने एक छोटी बाटली हातात ठेवली, 'एकदा मारा, महिनाभर बघायला नको.' पण जास्वंद रोज गणपतीला वाहतो आणि पपई घरात खाल्ली जाते, म्हणून बाटली अजून उघडलेली नाही. कीड खरंच परदेशी आहे का? आणि बागेत अशा आणखी कुठल्या आहेत, ते आपलं आपण कसं ओळखायचं?"

बाटली उघडली नाहीत ते बरं केलंत. तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न गुंतलेत आणि त्यातला दुसरा तुम्ही आधी विचारलाय. कीड कुठून आली हे तिच्या अंगावर लिहिलेलं नसतं. आधी ती कोण हे ठरवायचं, मग तिचं मूळ गाव आपोआप कळतं. आणि हे ठरवताना पांढऱ्या रंगाचा काही उपयोग होत नाही, कारण आपल्याला दिसतं ते फक्त मेण. पिठ्या ढेकूण, म्हणजे नर्सरीत ज्याला मिलीबग म्हणतात तो, हे मेण अंगावर घेतो. पांढरी माशी ते पानाखाली पसरते. आणि गंमत म्हणजे या दोघांना खाणारे काही जीवही तसंच मेण अंगावर वागवत त्यांच्यातच वावरतात. तुमच्या "पांढऱ्या कापसात" यांपैकी कोण कोण आहे, हे बघितल्याशिवाय बाटलीचं बूच काढायचं नाही.

मी दापोलीला कीटकशास्त्र शिकले आणि गेली एकोणीस वर्षं ठाणे-नवी मुंबईतल्या घरांच्या आणि सोसायट्यांच्या बागा बघते. तरीही फोटोवरून नाव सांगताना मी हात आखडता घेते. मिलीबगची जात पक्की ठरवायची तर मादी काचपट्टीवर चढवून सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या त्वचेवरची बारीक छिद्रं आणि नळ्या मोजाव्या लागतात. अ‍ॅपला तुमच्या फोटोत मेण दिसलं आणि त्याने नाव ठोकून दिलं, इतकंच. कदाचित ते बरोबरही असेल. पण घरच्या बागेपुरता निर्णय घ्यायला काचपट्टी लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, एक पांढरा कागद, एक टाचणी आणि सकाळची पंधरा मिनिटं पुरतात.

जास्वंदीपासून सुरुवात करू, कारण तिच्यावर आपल्याकडे मुख्यतः तीन पिठ्या ढेकूण सापडतात आणि तिघांच्या तीन तऱ्हा आहेत.

पहिला गुलाबी. शेंड्याची कोवळी पानं आखडून त्यांचा कोबीच्या गड्ड्यासारखा गुच्छ झाला असेल, कळ्या उमलायच्या आतच गळत असतील, तर गुच्छ उकलून आत बघा. मेणाखालचं अंग गुलाबी असतं आणि टाचणीने फोडलं तर रसही लालसर निघतो. हा परका नाही, आपल्याच भागातला, दक्षिण आशियातला. पण १९९४ साली तो कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावर पोचला आणि तिथल्या लोकांच्या नाकी नऊ आणले. तिथे आक्रमक परदेशी कीड म्हणून त्याच्यावर पुस्तिका निघाल्या, आणि त्याच पुस्तिका वाचून आपल्याकडचे लोक मला घाबरून विचारतात, "ही इन्व्हेजिव्ह आहे ना?" तिकडे आहे, इकडे नाही.

दुसरा कपाशीवरचा. पूर्ण वाढलेली मादी तीन ते पाच मिलिमीटर, तांदळाच्या कणीएवढी. पाठीवरचं पीठ काही ठिकाणी विरळ असतं, त्यामुळे काळपट ठिपक्यांच्या जोड्या स्पष्ट दिसतात. भिंगाचीही गरज नाही. तो बहुधा खोडावर, पानाच्या देठापाशी रांगा लावून बसतो. मूळचा उत्तर अमेरिकेतला. २००५ नंतरच्या हंगामांत आपल्या कापूस शेतकऱ्यांना त्याने रडवलं. कापूस आणि जास्वंद एकाच कुळातले, भेंडीही त्यातलीच. त्यामुळे ज्या गच्चीत जास्वंदीशेजारी भेंडीची कुंडी असते तिथे मी न विचारता आधी भेंडीची पानं उलटते.

तिसरा पपईवरचा, आणि तुमच्या पपईवर बहुतेक हाच असणार. हा मेक्सिको-मध्य अमेरिकेतला. २००८ मध्ये कोइमतूरला पहिल्यांदा नोंदला गेला आणि तिथून पपई, तुती, टॅपिओका यांच्यावर भराभर पसरला. अंग पिवळं, त्यावर पिठाचा पातळ हात, कडेने अगदी आखूड झालर. टाचणीने फोडला की पिवळा रस येतो. आणखी खात्री हवी असेल तर चार-पाच किडे औषधाच्या रिकाम्या बाटलीत थोड्या स्पिरिटमध्ये टाका आणि एक-दोन दिवसांनी बघा. पिवळे किडे निळसर काळे पडले तर पपईचा पिठ्या ढेकूण समजायला हरकत नाही. हा खेळ मुलांना फार आवडतो, पण स्पिरिट त्यांच्या हातात देऊ नका.

आता मघाशी म्हटलं ते खाणारे. सुरुवातीच्या वर्षांतली एक चूक सांगते. माजिवड्याकडच्या एका सोसायटीत कुंपणाच्या जास्वंदीवर पांढऱ्या लोकरीसारखे लांबच लांब धागे असलेले, सेंटिमीटरभर लांबीचे किडे होते. माळी म्हणाला, "मॅडम, हे तर मिलीबगचे बाप आहेत." मीही घाईत होते. फवारणी करायला सांगून मोकळी झाले. तीन आठवड्यांनी गेले तर कुंपण पीठ चाळल्यासारखं पांढरंशुभ्र. मी मारले होते ते क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याचे (लेडीबर्ड भुंगेऱ्याचे) डिंभक, म्हणजे मिलीबग खाणारी पिल्लं. मिलीबग मेणात लपून, अंड्यांच्या पिशव्यांत वाचले. त्यांना खाणारे उघड्यावर फिरत होते, म्हणून तेच मेले.

तेव्हापासून मी एक खूण धरून ठेवली आहे. मिलीबग घोळक्याने असतात, लहानमोठे सगळे एकत्र, आणि टोचलं तरी जेमतेम सरकतात. क्रिप्टोलिमसचं पिल्लू एकेकटं फिरतं, मिलीबगच्या दुपटी-तिपटीने मोठं असतं, मेणाचे धागे लांब आणि अस्ताव्यस्त असतात, आणि काडी लावली की चांगलं पळत सुटतं. मोठा झाल्यावर तो मुगाच्या दाण्याएवढा काळा भुंगेरा होतो, डोकं आणि मागचं टोक नारिंगी. आणि हा मित्रही परका आहे बरं का! मूळ ऑस्ट्रेलियातला, १८९८ साली मुद्दाम भारतात आणलेला. परका म्हणजे शत्रू, हे गणित माझ्या डोक्यातून त्याच्यामुळेच गेलं.

दुसरा पाहण्यासारखा जीव पूर्णपणे आपला. एपफ्लाय नावाच्या एका लहानशा तपकिरी फुलपाखराची अळी पानं खात नाही, मिलीबग खाते. त्यांचंच पीठ अंगाला फासून त्यांच्यात गोगलगायीसारखी चपटी पडून राहते. ती सापडणं कठीण. पण तिचा कोष सापडतो: पानावर किंवा काडीवर पाच-सहा मिलिमीटरचा तपकिरी-पांढरा खडा, आणि भिंगातून बघितलं तर हुबेहूब माकडाचं तोंड. डोळे, चपटं नाक, सगळं. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा एकटीच असून मोठ्याने हसले होते.

तिसरे खाणारे डोळ्यांना दिसतच नाहीत म्हटलं तरी चालेल, पण त्यांचं काम दिसतं. मिलीबगच्या अंगात अंडी घालणाऱ्या मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या गांधीलमाश्या आहेत. अशा माशीची अळी आत वाढली की मिलीबग फुगतो, कडक होतो, त्याचं तपकिरी लाकडी पिंप बनतं. माशी बाहेर पडली की त्याला एक गोल भोक राहतं. पपईच्या ढेकणासाठी अशा तीन जाती २०१० मध्ये पोर्तो रिकोहून मागवल्या गेल्या. बंगळूरच्या राष्ट्रीय कीटक संस्थेत त्या वाढवून राज्याराज्यांत सोडल्या, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत पपईवरची साथ ओसरली. कपाशीच्या ढेकणामागे लागलेली माशी मात्र कुणी आणली नव्हती, ती शेतात आधीच हजर सापडली.

म्हणून तुम्ही एक करा. चांगला पांढरा झालेला पपईच्या पानाचा तुकडा आणि जास्वंदीचा एक शेंडा अशा दोन वेगळ्या काचेच्या बरण्यांत ठेवा. तोंडाला जुन्या मलमलीचा दुहेरी तुकडा रबराने घट्ट बांधा आणि बरण्या सावलीत ठेवा. पंधरवड्यात मलमलीच्या आतल्या बाजूला चिलटापेक्षा बारीक, उडणारे-उड्या मारणारे ठिपके दिसले तर तुमच्या गच्चीवर या गांधीलमाश्यांची फौज पोचली आहे. मग बाटली नर्सरीवाल्याला परत करा. काहीच निघालं नाही तर आपल्यालाच काम करायचं आहे असं समजा. माझ्या अनुभवात दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यापर्यंत आणि झाडं असलेल्या जुन्या सोसायट्यांत फौज लवकर पोचते. वीस-बाविसाव्या मजल्यावरच्या ग्रीलमधल्या बागेत ती फार उशिरा येते, कधी येतच नाही. तुमची गच्ची कितव्या मजल्यावर आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि पुढचा बराचसा सल्ला त्यावर अवलंबून आहे. सोसायटीत डासांसाठी वरचेवर धूर मारत असतील तर तेही कळवा. त्याने या माश्याही मरतात.

जास्वंद झाली. बाकीच्यांबद्दल भराभर सांगते.

पानाखाली बोटाने पांढऱ्या रंगाची वेटोळी काढल्यासारखी दिसली, तर ती सर्पिल पांढरी माशी. पेरूवर येणारी जुनी जात भारतात १९९३ पासून आहे. नारळावरची तिची चुलत बहीण २०१६ मध्ये पोल्लाचीकडे सापडली आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने पसरली. नवी मुंबईत हिची तक्रार बागेतून न येता पार्किंगमधून येते: "नारळाखाली गाडी लावली की काच चिकट होते." तो चिकटा माश्यांच्या अंगातून गळतो, खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरते. लोक काळ्या पानांवर बुरशीनाशक मारत बसतात. बुरशी खाली आहे, दोषी वर नारळात आहे. इथेही भिंगातून एक छान गोष्ट दिसते. माशी स्वतः कोषातून बाहेर पडली की टी अक्षरासारखी चीर राहते, तिच्या आतून तिला खाणारी बारीक गांधीलमाशी बाहेर पडली की गोल भोक. झावळीच्या एका पातीवरची भोकं आणि चिरा मोजा. भोकं जास्त असतील तर नारळाला काही करू नका. काळी पडलेली खालची झाडं तांदळाच्या पातळ पेजेने धुतली तरी चालतं. पेज वाळून पापुद्रा सुटतो आणि काजळीही त्याबरोबर निघते.

पानात पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा म्हणजे नागअळी, पण कुठल्या झाडावर ते बघा. लिंबाच्या पानातली चंदेरी रेघ आशियातल्याच एका पतंगाच्या अळीची, म्हणजे आपल्याकडचीच. टोमॅटो, काकडी, झेंडूच्या पानातली बारीक नागमोडी रेघ बहुधा अमेरिकेतून आलेल्या एका माशीच्या अळीची. टोमॅटोच्या पानात रेघ न दिसता पारदर्शक फोडासारखा पट्टा दिसला, आत काळी विष्ठा आणि फळाला देठाजवळ टाचणीएवढी भोकं दिसली, तर ती दक्षिण अमेरिकेतल्या टुटा नावाच्या पतंगाची अळी. तिची भारतातली पहिली नोंद २०१४ ची आणि तीही पुण्याची. गच्चीत दोन-चार रोपं असतील तर पान तोडून, पिशवीत बांधून, उन्हात तापवून फेकणं एवढाच उपाय.

गच्चीत हौसेने मका लावला असेल तर पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, भुश्यासारखी विष्ठा आणि अळीच्या कपाळावर उलटं इंग्रजी वाय अक्षर दिसतंय का बघा. ती अमेरिकन लष्करी अळी, २०१८ पासून भारतात आहे.

पावसाळ्यात रात्री भिंतीवर चढणारी मुठीएवढी शंखाची गोगलगाय कीटक नाही, पण विचारतात सगळे. ती आफ्रिकेतली, १८४७ साली कोलकात्यात आणली गेली होती. उघड्या हाताने उचलू नका, तिच्यात मेंदूला इजा करणारे जंत असू शकतात. प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून उचला.

आणि ज्यांना विनाकारण मारलं जातं ते: कढीपत्त्या-लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी. ती फुलपाखराची. ब्लू मॉरमॉन हे आपलं राज्य फुलपाखरूही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. चार पानं गेली तर जाऊ द्या. घोडबंदरच्या ओवळेकर वाडीत फुलपाखरं बघायला रविवारी तिकीट काढून जायचं आणि घरी आलेली अळी चिरडायची, हे मला काही पटत नाही.

हे सगळे परके आपल्यापर्यंत येतात कसे? न्हावा शेवा बंदर जवळ आहे म्हणून लोक तिकडे बोट दाखवतात. देशात पहिला शिरकाव कुठून झाला असेल तो असो, तुमच्या गच्चीत ते आले ते नर्सरीच्या कुंडीतून. आपल्या रस्त्याकडेच्या नर्सऱ्यांतली झाडं पुण्याकडून, आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येतात, आणि त्यांच्याबरोबर मिलीबगची पिल्लंही. ही पिल्लं इतकी बारीक असतात की वाऱ्याने शेजारच्या गॅलरीत जातात. म्हणून नवं रोप आणलं की मी ते तीन आठवडे इतरांपासून दूर, वेगळ्या कोपऱ्यात ठेवते, आणि कुंडी उलटून तिच्या तळाची भोकं व मुळंही बघते. कित्येकदा मिलीबग मुळांवरच असतो.

आता तुमच्यासाठी नेमकं. आजच्या आज, बरण्यांचा निकाल यायच्या आधीच, जास्वंदीचे आखडलेले शेंडे कापा आणि पिशवीत बांधून ओल्या कचऱ्यात द्या, सोसायटीच्या खतखड्ड्यात टाकू नका. राहिलेल्या झाडावर सकाळी पाइपाने पाण्याचा जोराचा मारा, विशेषतः पानाखालून, दर दोन दिवसांनी. माकडतोंडी कोष किंवा तपकिरी पिंपं असलेली फांदी मात्र तशीच ठेवा.

खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तिचा बंदोबस्त करणं फवारणीपेक्षा महत्त्वाचं. मुंग्या चिकट्यासाठी मिलीबग राखतात आणि खाणाऱ्यांना हुसकावून लावतात. खोडाला कागदी चिकटपट्टी गुंडाळून वर व्हॅसलीन फासा. कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवायचा जुना उपाय करू नका. डासांच्या अळ्या झाल्या तर महापालिकेचे लोक नोटीस घेऊन दारात उभे राहतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

पंधरा दिवसांनीही कीड वाढतच असेल आणि बरणी रिकामी असेल, तर एक लिटर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि भांड्यांच्या लिक्विड सोपचे तीन-चार थेंब घालून, आधी एका फांदीवर मारून बघा. पान करपलं नाही तर दोन दिवसांनी संध्याकाळी बाकी झाडावर, मग आठवड्याने पुन्हा. नर्सरीच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध असेल तर ते झाडाच्या रसात भिनतं, म्हणून फुलात आणि फळातही जातं. देवाच्या जास्वंदीवर आणि घरात खायच्या पपईवर मी ते वापरत नाही.

पाऊस सुरू झाला की निम्मं काम तोच करतो. मिलीबगचा खरा जोर आपल्याकडे फेब्रुवारी ते मे, आणि दुसरा झटका ऑक्टोबरच्या उन्हात.

माझ्या वर्णनात कुठेच न बसणारं काही सापडलं तर मात्र कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाला किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांना कळवा. सोबत झाडाचं नाव, तारीख, ठिकाण आणि स्पिरिटमधला नमुना द्या. जिवंत किडा पिशवीत घालून इकडून तिकडे नेऊ नका.

मला फोटो पाठवणार असाल तर तीन पाठवा: अख्ख्या झाडाचा, उलट्या पानाचा, आणि शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून किड्याचा, सकाळच्या उजेडात, फ्लॅशशिवाय. फ्लॅशने मेण चमकतं आणि पाठीवरचे काळे ठिपके दिसेनासे होतात. पपईच्या देठाच्या बेचक्यात तो माकडतोंडी कोष मिळाला तर त्याचाही पाठवा. एपफ्लाय त्यातून साधारण आठ-दहा दिवसांत बाहेर पडतं, म्हणजे तुम्हाला ते बघायलाही मिळेल.